सदतिसावा पाइप

आमच्याकडे वय वर्षांत नाही,
पाइपांत सांगतात.
मी पाच पाइपांची.
मी जन्मले त्या उन्हाळ्यात
बाबांनी पाच पाइप जमिनीत सोडले
आणि सहावा लागलाच नाही,
पाणी आपणहून वर आलं,
शेजारीण दार न वाजवता घरात येते तसं.
येनेर नऊ पाइपांचा.
आई गेली तेव्हा एकोणीस.

कोन्याच्या या सपाटीवर झाड दिसलं
की समजावं, तिथे कुणीतरी राहतं, किंवा राहत होतं.
पूर्वी गहू होता, तोही आभाळाच्या भरवशावर,
बाकी सगळं रान वेलीकाकांच्या मेंढ्यांचं.
मेंढ्या ओल खात, पाणी फार मागत नसत.
मग कारखान्याचा माणूस आला
खिशातून बिटाचं बी काढून
त्याने बाबांच्या तळहातावर ठेवलं,
गुलाबी लेप दिलेलं, औषधाच्या गोळीसारखं.
बाबांनी ते हुंगलं. हसले.
दोन वर्षांनी गावातलं पहिलं बोअरचं यंत्र आमच्या अंगणात.

पैसा पाण्यासारखा आला.
पाणी पैशासारखं गेलं,
कुणाच्या हातून किती, हे कुणीच लिहून ठेवलं नाही.
बिटामागून मका आला.
परवाने बंद झाले तेव्हा बाबा रात्री जायचे,
ट्रॅक्टरचे दिवे विझवून.
माझी बूटं, माझी शाळा, माझ्या कानातले हे डूल
त्या अंधारातले आहेत.
मी नाही म्हणणार नाही.

दक्षिणेला तोरोस.
मार्चमध्ये बाबा छपरावर चढून बर्फ वाचायचे:
खिंडीखालपर्यंत पांढरं असेल तर वर्ष बरं,
खिंडीवरच थांबलं तर बेतानं.
आता जानेवारीतच डोंगरावर पाऊस पडतो,
बर्फ व्हायला सवड न मिळालेलं पाणी
घाईघाईने वाहून जातं
आणि एप्रिलमध्ये, बिटाला तहान लागते तेव्हा,
वरून द्यायला कुणाकडे काही नसतं.
मग खालून घ्यायचं.
वीस. सव्वीस. एकतीस.

परवा पहाटे वेलीकाकांचा कुत्रा
एकाच जागी उभा राहून भुंकत होता.
मक्याच्या मधोमध ओब्रुक पडला होता,
गोल, कंपासने काढावा इतका गोल,
आत मका अजून उभाच, जरा वाकडा,
खाली, फार खाली.
आवाज झाला नव्हता म्हणतात.
सरकारी माणसांनी पिवळी फीत बांधली,
फोटो काढले, चहा घेतला, गेले.

मग बाबा घरातले सगळे दोर घेऊन आले.
एकाला एक गाठ मारत सोडत राहिले,
पोटावर पडून, मान पुढे काढून.
चाळीस वर्षं ज्या काळोखात पाइप सोडले
तो असा उघड्यावर
ते पहिल्यांदाच पाहत होते.
दोर वर ओढला.
त्याचं टोक त्यांनी गालाला लावलं,
तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं.
कोरडं.
काही बोलले नाहीत.
गाठी मात्र एकेक करून सोडवल्या,
दोर पुन्हा कामाला येतील म्हणून.

संध्याकाळी पलीकडच्या गावचा सेफेर आला.
छत्तीसवर पंप माती ओकतोय,
एक पाइप वाढवून द्या, उस्ता.
बाबा पायातले बूट बघत राहिले.
सेफेर दोन ग्लास चहा पिऊन गेला,
बोलणं अर्धवटच राहिलं.
पाइप अंगणात आडवा आहे,
त्याच्या तोंडात चिमणीने काड्या आणून टाकल्यात.

आणि काल येनेरचा फोन, कोन्याच्या इस्पितळातून.
मुलगी झाली.
मी धावत छपरावर गेले, बाबांना सांगितलं.
त्यांची नजर सवयीने अंगणाकडे गेली,
ओठ हलले,
आकडा जिभेवर आला असावा.
मग त्यांनी तो गिळला
आणि विचारलं, "वजन किती?"

तीन किलो दोनशे, मी म्हटलं.